अमेरिकेत बंदुकांवर बंदी का येत नाही, आणि बंदीशिवाय काय करता येतं

अमेरिकेतल्या एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडे दोन-तीन दिवस एकच प्रश्न ऐकू येतो. एवढीशी मुलं मरतात, तरी हे लोक बंदुकांवर बंदी का घालत नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘तिथली बंदूकवाल्यांची लॉबी’ एवढ्यावर उरकलं जातं. मग हा सगळा वाद म्हणजे काही माथेफिरू, एक श्रीमंत संघटना आणि तिच्या ओंजळीने पाणी पिणारे पुढारी एवढाच आहे, असं वाटू लागतं.

हा वाद आपल्यापासून तितका लांबही राहिलेला नाही. न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत हजारो मराठी कुटुंबं राहतात आणि त्यांची पहिली-दुसरीतली मुलं शाळेत दिवे मालवून, दाराला कडी लावून, कोपऱ्यात गप्प बसून राहण्याचा सराव करतात. २००७ साली व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत एक भारतीय प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती.

माझं म्हणणं आधीच सांगते. ज्या गोळीबारांवरून सगळा गदारोळ होतो, त्यांत मरणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसं कॅमेरा कधीच पोचत नाही अशा ठिकाणी मरतात: घराच्या बेडरूममध्ये, शेतावरच्या गोदामात, गरीब वस्तीतल्या एखाद्या चौकात. यातल्या पुष्कळ जणांना वाचवता येतं, आणि त्यासाठी ‘सगळ्या बंदुका काढून घ्या’ आणि ‘कुणाच्याच बंदुकीला हात लावू नका’ या दोन टोकांमधली एक बाजू निवडावी लागत नाही.

आकडे काय सांगतात

२०२३ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं मेली. त्यांतल्या २७,३०० आत्महत्या होत्या आणि १७,९२७ खून. उरलेल्यांत अपघात, पोलिसांच्या गोळीने झालेले मृत्यू आणि कारण न समजलेल्या घटना येतात. म्हणजे बंदुकीने मरणाऱ्या दर दहा जणांपैकी जवळजवळ सहा जण स्वतःच्या हाताने जातात. शाळा, चर्च, दुकानं यांतले सामूहिक गोळीबार हा या एकूण आकड्याचा फार लहान हिस्सा आहे.

शस्त्रांचंही तसंच. वादात नाव येतं ते एआर-१५ सारख्या रायफलींचं, कारण शाळांवरच्या काही भीषण हल्ल्यांत त्या वापरल्या गेल्या. पण ज्या खुनांत शस्त्राचा प्रकार नोंदला जातो त्यांत मोठा वाटा साध्या पिस्तुलांचा असतो. सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून अगदी थोडे खून होतात.

मरणारे कोण, हेही पाहायला हवं. खून होतात ते बरेचसे शहरांतल्या ठरावीक वस्त्यांत, आणि त्यांत कृष्णवर्णीय तरुण पुरुषांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूपच जास्त आहे. आत्महत्यांचं प्रमाण मोठं आहे ते वायोमिंग, मोंटाना यांसारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत, उतारवयाच्या गोऱ्या पुरुषांमध्ये. हे दोन गट एकमेकांना कधी भेटत नाहीत, त्यांची मतंही बहुधा वेगवेगळ्या पक्षांना जातात. आणि २०२० पासून एक ते एकोणीस या वयोगटातल्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक हे आहे. त्याआधी ती जागा मोटार अपघातांची होती.

सामूहिक गोळीबार थोडे आहेत म्हणून ते दुय्यम आहेत, असं मी म्हणत नाही. २०१२ साली सँडी हुकच्या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, २०२२ साली टेक्सासच्या युवाल्डीत १९ मुलं आणि २ शिक्षिका. अशा एका घटनेने लाखो आईबापांची झोप उडते आणि ती भीती खरी असते. पण कायद्याची सगळी चर्चा याच घटनांभोवती फिरली की उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस हजारांकडे पाहायला कुणाला सवड राहत नाही.

‘हा आमचा हक्क आहे’ यामागचा इतिहास

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्यांतली दुसरी शस्त्रांविषयी आहे. एका वाक्याची दुरुस्ती. वाक्याचा पहिला भाग म्हणतो की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुसंघटित नागरी सेना गरजेची आहे, आणि दुसरा भाग म्हणतो की शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा येता कामा नये. भांडण इथेच आहे. हा हक्क नागरी सेनेपुरता, की घरात बसलेल्या प्रत्येक माणसाचा?

ते वाक्य लिहिणाऱ्यांच्या मनात काय ताजं होतं? १७७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचं सैन्य मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्ड गावातला शस्त्रसाठा जप्त करायला निघालं आणि त्याच मोहिमेत, वाटेवरच्या लेक्सिंग्टन गावात, स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या गोळ्या झडल्या. सरकार आधी शस्त्रं काढून घेतं आणि मग मान आवळतं, ही धास्ती त्या देशाच्या जन्मातच आहे.

आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. लॉर्ड लिटनने १८७८ साली देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला, त्याच साली हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढून घेणारा कायदाही आणला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. तो अपमान इतका बोचला होता की काँग्रेसने वर्षानुवर्षं त्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामतांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आपल्या घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात जे आलं ते नेमकं उलट्या दिशेचं आहे: शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. एकाच प्रकारच्या जखमेतून दोन देशांनी दोन वेगळे रस्ते धरले. म्हणून कुणी अमेरिकन माणूस ‘हा माझा हक्क आहे’ असं छातीठोकपणे म्हणतो, तेव्हा त्याला वेडा ठरवण्याआधी मला १८७८ आठवतं. आपण घेतलेला निर्णय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. पण त्या माणसाची भावना कुठून येते हे मला कळतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या भांडणाचा निकाल फार उशिरा दिला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७६ पासून नागरिकांना नवं पिस्तूल बाळगायला जवळपास बंदी होती. २००८ साली ‘हेलर’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ती रद्द केली आणि सांगितलं की स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे. पण न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलेल्या त्याच निकालात असंही आहे की हा हक्क अमर्याद नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना शस्त्र न देणं, शाळा किंवा सरकारी इमारतींत शस्त्र नेऊ न देणं, अशा बंधनांना धक्का लागत नाही. दोन्ही बाजूंचे लोक या निकालाचं आपल्या सोयीचं अर्धंच सांगतात.

२०२२ साली आणखी एक मोठा निकाल आला. घराबाहेर पिस्तूल नेण्यासाठी खास कारण दाखवावं लागेल, ही न्यूयॉर्क राज्याची शंभरहून अधिक वर्षांची अट न्यायालयाने रद्द केली. वर नवी कसोटी घालून दिली: कुठलंही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसायला हवं. तेव्हापासून खालच्या न्यायालयांत वकील अठराव्या शतकातले कायदे धुंडाळत आहेत. २०२४ मध्ये मात्र आठ विरुद्ध एक मतांनी याच न्यायालयाने म्हटलं की ज्याच्यापासून बायकोला किंवा प्रेयसीला धोका आहे असं न्यायाधीशाने ठरवून संरक्षणाचा आदेश दिला आहे, अशा माणसाकडून बंदूक काढून घेता येते. अगदी तंतोतंत जुना कायदा सापडलाच पाहिजे असं नाही.

सरसकट बंदी का येत नाही, याचं पहिलं कारण हे आहे. संसदेने उद्या ठरवलं तरी ती न्यायालयात टिकणार नाही, आणि घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी लागते.

दुकानात बंदूक घ्यायला गेलं तर

अमेरिकेत भाजी घ्यावी तशी बंदूक मिळते, अशी आपली समजूत असते. परवानाधारक दुकानात तसं नाही. माणूस काउंटरवर आधी ओळखपत्र दाखवतो आणि ४४७३ क्रमांकाचा केंद्र सरकारचा फॉर्म भरतो. तुम्हाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? बेकायदा अमली पदार्थ घेता का? न्यायालयाने तुम्हाला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का? घरातल्या माणसाला मारहाण केल्याचा गुन्हा सिद्ध झालाय का? खोटं उत्तर देणं हा गुन्हा आहे. मग दुकानदार फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एफबीआयच्या यंत्रणेकडे नाव पाठवतो. बहुतेकांना काही मिनिटांत होकार येतो. पिस्तुलासाठी वय २१ लागतं, रायफलसाठी १८.

आता या जाळ्यातली भोकं पाहा. एफबीआयचं उत्तर कामाच्या तीन दिवसांत आलं नाही, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार विक्री करू शकतो. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती अशीच, तपासणी पुरी व्हायच्या आत. दुसरं भोक नोंदींचं. व्हर्जिनिया टेकमधल्या हल्लेखोराला न्यायाधीशाने आधीच स्वतःसाठी धोकादायक ठरवलं होतं, पण ती नोंद यंत्रणेत पोचलीच नव्हती. आणि सगळ्यांत मोठं भोक खासगी विक्रीचं: तुमची जुनी बंदूक तुम्ही तुमच्याच राज्यातल्या कुणाला विकलीत, तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही. काही राज्यांनी हे भोक स्वतःच्या कायद्याने बुजवलंय, बाकीच्यांनी नाही.

गुन्ह्यात सापडलेली बंदूक कुणाची हे शोधायची पद्धत तर वाचून विश्वास बसणार नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावात केंद्र सरकारचं एक कार्यालय आहे. देशभरातले पोलिस तिथे बंदुकीचा क्रमांक कळवतात. तिथले कर्मचारी आधी बंदूक बनवणाऱ्या कंपनीला फोन करतात, कंपनी घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगते, तो दुकानदाराचं, आणि दुकानदार आपल्या कपाटातून तो जुना फॉर्म शोधून काढतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याची कागदपत्रं खोकी भरभरून याच कार्यालयात आलेली असतात. ती स्कॅन केली जातात, पण नाव टाईप केलं की माणूस सापडेल अशा रीतीने नाही, नुसत्या चित्रांसारखी. एकेक पान डोळ्यांनी उलटत जायचं. कारण १९८६ च्या कायद्याने सरकारला बंदूकधारकांची केंद्रीय यादी करायला मनाई केली आहे. आज यादी केली तर उद्या त्याच यादीवरून जप्ती येईल, ही काँकर्डपासूनची धास्ती त्या खोक्यांत भरून ठेवलेली आहे.

संसदेत घोडं अडतं कुठे

केंद्राचे मोठे कायदे बहुतेक धक्क्यानंतरच आले. टोळीयुद्धांच्या काळात, १९३४ साली, मशीनगनवर जबर कर बसला. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ चा कायदा आला. दुकानातली तपासणी १९९३ च्या कायद्याने आली आणि तो कायदा ओळखला जातो तो १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावरच्या हल्ल्यात डोक्यात गोळी लागून अपंग झालेले त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या नावाने.

१९९४ ते २००४ अशी दहा वर्षं लष्करी धाटणीच्या काही रायफलींवर बंदीही होती. तिच्यावरून आजही हिरिरीने भांडण होतं, पण तो कायदा पातळ होता. बंदीची व्याख्या संगीन लावायची सोय, दुमडता येणारा दस्ता अशा बाह्य गोष्टींवर बेतली होती, आणि आधी विकल्या गेलेल्या बंदुकांना हात लावला नव्हता. कंपन्यांनी थोडे फेरफार करून तशाच रायफली विकल्या. या बंदीचा एकूण खुनांवर काय परिणाम झाला याचे पुरावे स्पष्ट नाहीत. एका वेळी दहापेक्षा जास्त गोळ्या भरता येणाऱ्या मॅगझिनवरच्या मर्यादेने सामूहिक हल्ल्यांतले बळी कमी होतात, याला मात्र थोडाफार आधार आहे.

सँडी हुकनंतर, २०१३ मध्ये, खासगी विक्रीचं भोक बरंचसं बुजवणारा प्रस्ताव एका डेमोक्रॅट आणि एका रिपब्लिकन सिनेटरने मिळून आणला. बाजूने ५४ मतं पडली, विरुद्ध ४६. तरी तो पडला, कारण सिनेटच्या रिवाजाप्रमाणे ६० लागतात. शिवाय सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा: सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोन आणि सहा लाखांच्याही आतल्या वायोमिंगलाही दोन. ग्रामीण राज्यांचा नकार तिथे वजनदार ठरतो.

‘बंदूकवाल्यांची लॉबी’ म्हणतात त्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पैसा आहेच. १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी स्थापन झालेली ही संघटना १९७७ नंतर कट्टर राजकीय झाली. पण तिचं खरं बळ मतदारांत आहे. अमेरिकेतल्या सुमारे एक तृतीयांश प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे आणि त्यांतले पुष्कळ जण फक्त याच एका मुद्द्यावर मत देतात. सर्व विक्रींना तपासणी हवी असं पाहणीत बहुसंख्य लोक म्हणतात, बंदूक बाळगणारेही म्हणतात. पण मतदान करताना त्यांचे मुद्दे वेगळे असतात. निवडून यायचंय त्याला हा हिशेब पक्का कळतो.

विरोधकांची बाजूही नुसती धास्तीची नाही. जिथे पोलिसांची गाडी यायला पाऊण तास लागतो तिथली बाई ‘माझ्या दाराशी कुणी आलं तर मी काय करू’ असं विचारते, तेव्हा शहरातल्या माणसाने तिला हसण्यावारी नेऊ नये. कृष्णवर्णीय समाजातही दोन मतं आहेत. गुलामगिरीच्या काळापासून त्यांना निःशस्त्र ठेवणारे कायदे होते. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियात भरलेल्या बंदुका घेऊन सार्वजनिक ठिकाणी फिरायला बंदी आली आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. कडक कायदा आला की त्याचा दांडका आधी आपल्याच पोरांच्या पाठीत बसतो, हा त्यांचा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, आणि जॉन हॉवर्ड या उजव्या विचारांच्या पंतप्रधानांनी दोन आठवड्यांच्या आत सर्व राज्यांना एका कडक करारावर आणून सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. ते मोठं काम होतं. पण तिथे घटनेत शस्त्राचा हक्क नव्हता. अमेरिकेत नागरिकांकडे २०१७ च्या अंदाजानुसार ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, माणसांपेक्षा जास्त.

मग जीव वाचवतं काय?

२००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात एक विलक्षण गोष्ट घडली. एका बंदुकीच्या दुकानातून, आठवडाभराच्या आत, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन जणांनी बंदुका घेतल्या आणि प्रत्येकाने काही तासांतच आत्महत्या केली. तिघांचीही विक्री कायदेशीर होती, तपासणीत काही निघालं नव्हतं. दुकानदार हादरला. आपण काही वेगळं करू शकलो असतो का, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. पुढे बंदुकींचे दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्याचे लोक एका टेबलाशी बसले. गिऱ्हाईक कुठली बंदूक हवी, कशासाठी हवी, हे काहीच सांगत नसेल, अस्वस्थ असेल, तर कसं बोलावं आणि विक्री कशी नाकारावी, याच्या सूचना त्यांनी तयार केल्या. मित्र किंवा नातेवाईक फार वाईट दिवसांतून जात असेल तर त्याची बंदूक काही काळ दुसरीकडे ठेवा, असं सांगणारी पोस्टर्स नेमबाजीच्या मैदानांवर आणि दुकानांत लागली. तो उपक्रम पुढे बऱ्याच राज्यांत गेला. त्यात कुणाचा हक्क गेला नाही आणि कुणी कुणाला खलनायक म्हटलं नाही.

यामागचं शास्त्र साधं आहे. जीव द्यावासा वाटण्याचा सर्वांत तीव्र क्षण बहुधा थोडाच वेळ टिकतो. त्यातून जे वाचतात, त्यांतले बहुतेक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी जवळपास ठेवतच नाही. म्हणून त्या क्षणी साधन हाताशी नसणं म्हणजेच अनेकदा जीव वाचणं. आपल्या शेजारी श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

घरातली बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि मुलांच्या हाती लागू दिली तर पालक जबाबदार, अशा कायद्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू कमी होतात. बंदुकीविषयीच्या सगळ्या संशोधनात हा सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. २०२१ मध्ये मिशिगनच्या ऑक्सफर्ड गावात पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चौघांना मारलं. बंदूक वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणली होती. २०२४ मध्ये त्याच्या आईवडिलांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. शाळेतल्या अशा हल्ल्यासाठी पालक दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

दुसरा उपाय ‘रेड फ्लॅग’ कायद्यांचा. कुणी स्वतःला किंवा इतरांना इजा करील अशी लक्षणं दिसत असतील तर घरचे किंवा पोलिस न्यायाधीशाकडे जातात, आणि न्यायाधीश ठरावीक काळापुरती बंदूक काढून घ्यायचा आदेश देतो. मुदत संपली की ती परत मिळते. कनेक्टिकटने १९९९ मध्ये सुरुवात केली. तिथल्या अभ्यासात आढळलं की अशा दर दहा ते वीस आदेशांमागे एक आत्महत्या टळली असावी. पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये १७ जण मारले गेल्यावर फ्लोरिडाच्या रिपब्लिकन सरकारनेही असा कायदा केला. इथली खरी काळजी म्हणजे आदेश आधी एकतर्फी निघतो. म्हणून काही दिवसांत त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणारी सुनावणी कायद्यात असलीच पाहिजे.

बंदूक घेण्याआधी परवाना लागणं, हेही परिणामकारक दिसतं. कनेक्टिकटने १९९५ मध्ये तशी अट घातली, तिथे बंदुकीने होणारे खून घटले. मिझुरीने २००७ मध्ये अशी अट काढून टाकली, तिथे वाढले. उलट, धोका वाटला तर मागे न हटता गोळी झाडायला मुभा देणारे ‘स्टँड युवर ग्राउंड’ कायदे आले की खून वाढतात, असं पुरावे सांगतात. घरगुती हिंसेत तर बंदुकीचा अर्थ फार भयंकर आहे: मारझोड करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असली की त्या बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाचपट होतो.

एवढं सगळं इतक्या उशिरा का कळतंय? कारण १९९६ मध्ये संसदेने आरोग्य खात्याच्या संशोधन संस्थेवर अशी अट घातली की बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी पैसा वापरायचा नाही. संस्था इतकी धास्तावली की तिने या विषयाचं कामच जवळपास थांबवलं. २०१९ च्या अखेरीस पुन्हा पैसा सुरू झाला. मोटारींवर बंदी न घालता सीटबेल्ट, एअरबॅग आणि बरे रस्ते यांनी अपघाती मृत्यू खाली आणणाऱ्या देशाने बंदुकीच्या बाबतीत जवळपास पाव शतक डोळे मिटून घेतले, याचा मला मनापासून राग येतो.

काही उपायांत तर बंदुकीचा उल्लेखही नाही. फिलाडेल्फियात हजारो पडीक भूखंड आहेत: उकिरडे, मोडक्या गाड्या, पुरुषभर गवत. संशोधकांनी त्यांतले काही चिठ्ठी टाकल्यासारखे निवडले. कचरा उचलला, गवत लावलं, चार झाडं लावली, भोवती कमरेएवढं लाकडी कुंपण घातलं. बाकीचे तसेच ठेवले. सर्वांत गरीब वस्त्यांत साफ केलेल्या जागांभोवती बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. बॉस्टनमध्ये १९९६ पासून पोलिस, धर्मगुरू आणि वस्तीतले कार्यकर्ते टोळ्यांतल्या मोजक्या तरुणांशी थेट बोलू लागले: आम्हाला तू जिवंत हवा आहेस, काम देऊ, शिकवू, पण गोळी झाडलीस तर सुटका नाही. तरुणांचे खून झपाट्याने उतरले. अशा कामाला सातत्य लागतं. अनुदान आटलं की माणसं पांगतात आणि दोन वर्षांत पूर्वीचे दिवस येतात. युवाल्डीनंतर २०२२ च्या जूनमध्ये दोन्ही पक्षांनी मिळून जो कायदा केला, त्यात एकविसाच्या आतल्या खरेदीदारांची जादा तपासणी, रेड फ्लॅगसाठी निधी आणि वस्तीपातळीवरच्या या कामासाठीही पैसा होता. जवळपास तीस वर्षांतला तो सर्वांत मोठा कायदा, आणि त्यात बंदी एकाही बंदुकीवर नाही.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी

राज्य बदललं की कायदा बदलतो. निम्म्याहून जास्त राज्यांत आता लपवलेलं पिस्तूल घेऊन फिरायला परवाना लागत नाही. न्यू जर्सीत लागतो. नोकरीसाठी घर हलवताना शाळा आणि घरभाडं पाहतो तसं हेही पाहावं.

मूल पहिल्यांदा एखाद्या मित्राकडे खेळायला जाणार असेल तर आपण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगतो, पाळलेला कुत्रा आहे का विचारतो. त्याच ओघात ‘घरी बंदूक आहे का, असली तर कुलपात असते ना?’ हेही विचारायचं. तिथले बालरोगतज्ज्ञच हे विचारायला सांगतात, आणि जबाबदार बंदूकधारकाला त्याचा राग येत नाही. आपल्या लोकांतही आता बंदूक घेणारे आहेत. त्यांच्यासाठी: बंदुकीचं तारेचं कुलूप अनेक पोलिस ठाण्यांत फुकट मिळतं. घरात कुणी खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोट चालू असेल, किशोरवयीन मूल गप्पगप्प राहत असेल, तर ती बंदूक तेवढे दिवस घराबाहेर ठेवा. काही दुकानं आणि पोलिस ठाणी ती सांभाळायला घेतात. बोलायला कुणी हवं असेल तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ हे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात, आणि १४४१६ वर मराठीत बोलता येतं.